चाक फिरतं तोवर

मशीनबाईशी बोलायचं असेल तर तिचा पाय पायडलवर पडेपर्यंत थांबायचं, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फसायचं ते नवीन गिऱ्हाईक. ते कापड पुढे करायचं, काय हवं ते सांगायचं आणि उत्तराची वाट बघत उभं राहायचं. मशीनबाई मान हलवायची, गळ्यातली टेप काढून खांदा, छाती, बाही मोजायची, खडूनं कापडावरच खुणा करायची. तोंडातून अवाक्षर नाही. बाई मुकी असणार असं वाटून गिऱ्हाईक मोठमोठ्यानं आणि हातवारे करत बोलू लागायचं. मग ती आधीचं काम सुईखाली सरकवायची, चाकाला हातानं झटका द्यायची, आणि त्या खडखडाटातून आवाज यायचा, "बहिरी नाही हो मी. गळा केवढा ठेवायचा ते सांगा."

टीप संपली की वाक्य संपायचं. संपलं नसलं तरी संपायचं. "तुमच्या धाकटीचा झगा परवाच तयार..." इथे कोपरा यायचा, पाय थांबायचा, कापड वळायचं, समोरचा माणूस एका पायावर तिष्ठत राहायचा. पाय पुन्हा हलला की "...झालाय, घेऊन जा." कॉलर शिवताना ती तुटक बोलायची, पडदे शिवताना ऐसपैस. काजं हातानं करायची असतात, त्यामुळे काजांच्या दिवशी तिच्याकडून काही कळायचं नाही. गल्लीत म्हणायचेच, पूर्ण बातमी हवी असेल तर पडद्याचं कापड घेऊन जा.

पुढच्या भागात तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, मागच्या खोलीत तिचं शिवणकाम, मध्ये फळ्यांची आडभिंत. सायकलवाल्याला लोक चिडवायचे. "तुमचं बरं आहे राव. बायकोला गप्प करायचं तर सुई काढून ठेवायची."

"आणि बोलतं करायचं तर तुमच्या फाटक्या विजारी आणाव्या लागतात," सायकलवाला म्हणायचा. "बघा, तुमचे उपकारच आहेत."

लग्नानंतरचे पहिले काही दिवस मात्र त्याला चेष्टा सुचत नव्हती. ती हसायची, मान हलवायची, त्याच्या ताटाकडे लक्ष द्यायची, पण बोलायची नाही. आपण तिला आवडलो नाही, हे त्यानं मनाशी धरून टाकलं होतं. मग तिचं पायमशीन मागाहून टेम्पोनं आलं. तिनं ते खिडकीपाशी लावलं, पट्टा चढवला, कापडाच्या चिंधीवर एक टीप मारून पाहिली आणि मान वर न करता म्हणाली, "तुमच्या सदऱ्याची बाही उसवलीय. द्या इकडे." आवाज मशीनमधूनच आला असं त्याला क्षणभर वाटलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याला उमगलं, की तेव्हा तो फारसा चुकला नव्हता.

का, हे तिनं एकदा पडदे शिवताना सांगितलं. ती लहानपणी घरात बोलायची नाही, कारण वडील रात्रपाळीचे, दिवसा झोपलेले. घरात सगळे मांजराच्या पावलांनी वावरायचे. आणि हाताशी येताच आईबरोबर ती कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे मशीनांच्या रांगा. बोलताना दिसली की मुकादम उभं करायचा, सगळ्यांसमोर. पण मशीनं सुरू असली की त्या घरघरीखाली काय बोललं जातंय हे त्याच्या बापालाही कळलं नसतं. बायका ओठ न हलवता बोलायच्या. मरणं, बाळंतपणं, नवऱ्यांच्या तऱ्हा, सगळं त्या आवाजाच्या पांघरुणाखाली. वीज गेली की सगळा हॉल एकदम गप्प. आई तिला म्हणायची, बोलायचं ते चाक फिरतं तोवर.

"मग कारखाना सुटला तेव्हा?" सायकलवाल्यानं विचारलं होतं.

"तेव्हा..." ती म्हणाली, आणि पडदा संपला.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यांचं जमून गेलं होतं. भांडायचं असेल तर तो उशांचे अभ्रे घेऊन यायचा. भांडण मिटवायचं असेल तर तीच त्याचा एखादा धडधाकट शर्ट ओढून घ्यायची आणि उगाच बगलेत टीप मारायची. त्याला वाटायचं, सगळ्यांचा संसार असाच असतो, फक्त मशीन वेगवेगळं असतं.

त्यांना एकच मुलगी. तिनं अभ्यास मशीनपाशी बसून केला, पाढे मशीनच्या तालावर म्हटले. शिकली, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामाला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. त्या पोरीचे डोळे बाहुलीसारखे वटारलेले, म्हणून सायकलवाला तिला ठकी म्हणायला लागला आणि तेच नाव पडलं. लेकीची रजा संपत आली. ठकीला दिवसा कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला. लेकीच्या सासूचे गुडघे गेलेले. विहीणबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण मनात आलेलं त्यांच्या ओठांवर थांबत नसे. "ठेवा की आजीकडे," त्या म्हणाल्या, "पण पोर मुकी निघाली तर मला बोलू नका. मूल ऐकून बोलतं हो. ऐकणार काय, कात्री?"

लेक त्यावर काही बोलली नाही. सायकलवाल्याला ते न बोलणं लागलं.

त्याच सुमाराला जावयानं मोठ्या मनानं नवं मशीन आणलं. विजेवरचं, पांढरं, गुळगुळीत. सासूबाईंचे पाय भरून येतात, आता बोटानं दाबलं की झालं. जुनं पायमशीन सायकलवाल्यानं दुकानाच्या कोपऱ्यात नेऊन चादरीखाली ठेवलं. नवं मशीन चालायचं ते डास कानाशी गुणगुणावा तेवढंच. सायकलवाला त्याच्यावर लट्टू झाला. सगळं आयुष्य त्यानं आवाज शोधण्यात घालवलं होतं. सायकल कुरकुरली की बेअरिंग गेलं, खडखडली की नट ढिला, करकरली की साखळीला तेल नाही. आवाज म्हणजे दुखणं. जे यंत्र गप्प, ते निरोगी. "ऐक, ऐक," तो बायकोला म्हणाला, "काही ऐकूच येत नाही! याला म्हणतात मशीन."

मशीनबाईनं मान हलवली आणि शिवायला लागली. एक टीप गेली, दुसरी गेली. तो ऐकत उभा राहिला. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात पडद्यांचं मोठं काम आलं, खिडक्याच खिडक्या असलेल्या कुठल्याशा कार्यालयाचं. ती लांबच लांब टिपा मारत राहिली, ओठ मिटलेले. गिऱ्हाइकं येऊन उभी राहायची, वाट बघायची आणि अवघडून निघून जायची. आडभिंतीपलीकडे सायकलवाला पंक्चर काढता काढता कान देऊन ऐकायचा. एवढी वर्षं त्या बाजूनं येणाऱ्या आवाजावर तो आपला दिवस टेकवून उभा करत आला होता. आता तिथे भिंत होती, नुसती भिंत.

"आता मशीनवरही बोलत नाही," त्यानं लेकीला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चोरासारखा झाला.

लेकीच्या ओळखीतले एक मानसशास्त्राचे सर होते. कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी माणसं बघायचे. त्यांच्याकडे तिघं गेली, ठकी विहीणबाईंकडे. सरांची खोली छान होती. जाड सतरंजी, बंद खिडकी, भिंतीवर घड्याळ. इतकी शांत, की सायकलवाल्याला स्वतःच्या चपलांची लाज वाटली. सर वयानं फार नव्हते, केस मात्र पिकलेले. त्यांनी मशीनबाईला दोन-तीन साधे प्रश्न विचारले. ती त्यांच्याकडे बघत होती, नीट, आदरानं. उत्तर नाही. मग नवऱ्यानंच सगळं सांगितलं, कारखान्यापासून.

"सर, मी रक्ताच्या प्रयोगशाळेत असते," लेक म्हणाली. तिनं वाक्य घोकून आणलं असावं. "आमच्याकडे कागदावर छापलेलंच असतं, इतक्यापासून इतक्यापर्यंत नॉर्मल. बाहेर गेलं की खूण करायची. तुमच्याकडे तसं काही असेलच. मला फक्त एवढंच सांगा, माझी आई नॉर्मल आहे का?"

"तशी पट्टी आहे ना," सर म्हणाले. "एक असती तर माझंही काम सोपं झालं असतं. चार आहेत."

"चारही लावा."

"लावू. पहिली मोजणीची. बहुतेक माणसं करतात ते नेहमीचं, थोडी करतात ते वेगळं."

"मग आई वेगळी. अशी दुसरी कुठे असेल असं वाटत नाही."

"मलाही नाही वाटत. पण मग डावखुरे? एखाद्याचा गळा लाखात एक असतो, तो? किती जण तसे आहेत, एवढंच मोजणी सांगते. ते बरं की वाईट, यावर ती गप्प. आणि कुठे उभं राहून मोजायचं? बाबांनी सांगितलेल्या त्या कारखान्यात मोजायला बसलो, तर मशीन बंद असताना बोलणारी बाई वेगळी ठरेल."

"ती उभी राहिली असती मुकादमासमोर," सायकलवाला म्हणाला. लेकीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तो गप्प झाला.

"दुसरी पट्टी लोकांच्या रीतीची. चारचौघांत कसं वागावं याचे नियम मोडले की खटकतं. पण ते नियम करणारे चारचौघं कोण? माझी आजी तरुणपणी सायकल चालवायला शिकली. घरच्यांनी तिला वेड लागलं म्हणून खोलीत ठेवलं होतं. आज तिचा तोच फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे, सायकलसकट."

"कुठली होती सायकल?" सायकलवाल्यानं विचारलं.

"बाबा!"

"असू दे," सर हसले. "तिसरी पट्टी त्रासाची. ज्याचा त्याला त्रास होत असेल तर लक्ष द्यायला हवं. ही मला सगळ्यांत जवळची. पण हीही पुरी पडत नाही. कुणाचं माणूस गेलं की त्रास होतोच, ते दुखणं नव्हे, तसं व्हायलाच हवं. उलट काहींना स्वतःला काडीचा त्रास नसतो, आजूबाजूचे होरपळत असतात. आणि चौथी, रोजचं निभतं का. काम, माणसं, घर."

"काम निभतं. घरही निभवलं तिनं," लेक म्हणाली. मग खाली बघून, "बाळाचं निभेल का, ते मला कळत नाही."

"मलाही इथे बसून कळणार नाही. चारही पट्ट्या एकत्र धरून मी एक अंदाज करतो. अंदाजच. कधी चुकतो. तुमच्या कागदावरच्यासारखा आकडा मी आणला, तर तो मी घरी बनवलेला असेल."

"मग मी मुलीला कुठे ठेवू, सर?" लेकीचा आवाज फाटला. "मला सोमवारी कामावर जायचंय. अंदाजावर ठेवू?"

सरांनी खुर्ची मशीनबाईकडे वळवली.

"तिसऱ्या पट्टीचं उत्तर आम्हा तिघांपैकी कुणाकडेच नाही. मी उगाच परस्पर बोललो. तुम्हाला याचा त्रास होतो का?"

घड्याळ वाजत राहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, हे सायकलवाल्याला त्या क्षणी कळलं. त्यानंही नाही. त्यानं ती आहे तशी घेतली होती आणि त्याचा त्याला मनातल्या मनात अभिमानही होता.

ती बोलली नाही. पण सर खाली बघत होते. खुर्चीखाली तिचे पाय हलत होते. टाच, चवडा, टाच, चवडा, सतरंजीवर, अजिबात आवाज न होता.

"हे पाय नेहमी असे हलतात?" सरांनी विचारलं.

"नाही," सायकलवाला म्हणाला. "म्हणजे एकदा हलले होते. मी न्यूमोनियानं दवाखान्यात होतो तेव्हा. खाटेशेजारी बसून सारखे पाय हलवायची. नर्स रागावलीसुद्धा, खाटेला हादरे बसतात म्हणून. मला वाटलं, घाबरलीय..."

तो मध्येच थांबला. पुढचं वाक्य होतं, पण टीप संपल्यासारखी संपली.

घरी आल्यावर त्यानं दुकानाची फळी अर्धी ओढली आणि कोपऱ्यातली चादर काढली. पायमशीन मागच्या खोलीत खिडकीपाशी नेलं, नवं उचलून टेबलावर ठेवलं. पट्टा चढवला, धूळ पुसली. सवयीनं तेलाची कुपी उचलली. चाकाच्या आसावर नेम धरला, आणि थांबला. कुपी परत फळीवर ठेवून दिली.

मग शिवायला काय, हा प्रश्न आला. कॉलर-बिलर नको होतं. त्यानं अंथरुणावरची चादर ओढली आणि सुईखाली सरकवली. मशीनबाई बसली, चाकाला झटका दिला. ते जुनं, ओळखीचं, न्हाणीघरापर्यंत ऐकू जाणारं खडखडणं सुरू झालं.

"हिला शिवण आहे की," ती म्हणाली.

कित्येक आठवड्यांनंतर ऐकलेला तो आवाज. सायकलवाल्याला खिडकीबाहेर बघावं लागलं. "मग दुसरी मार," तो म्हणाला.

ती शिवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांनी विचारलं ना, त्रास होतो का. होतो. रोज नाही. इतर वेळी काही वाटत नाही, उलट बरं असतं. पण दवाखान्यात..."

चादरीची कड संपत आली होती. त्यानं हात पुढे करून कोपरा वळवला आणि दुसरी कड सुईखाली दिली. पाय थांबलेच नाहीत.

"तुम्ही डोळे मिटून पडला होता. छातीचा भाता नुसता. मला सांगायचं होतं, जाऊ नका म्हणून. एवढंच. चाक नव्हतं. पाय हलवून बघितले. नाही आलं."

त्यानं तिसरा कोपरा वळवला. मग चौथा, मग पुन्हा पहिला. चादर दोघांमध्ये फिरत राहिली. गप्प राहायची पाळी आता त्याची होती.

"आणि नवं मशीन चांगलंय," तिसऱ्या फेरीला ती म्हणाली. "जावयांना वाईट वाटेल म्हणून... पण त्याच्यावर बोललं तर सगळ्यांना ऐकू जाईल हो. उघड्यावर अंघोळ केल्यासारखं."

त्यानं कपाळावर हात मारला. "आणि मी मूर्ख म्हणत होतो, ऐक, काही ऐकू येत नाही!"

ती हसली. मशीन सुरू होतं म्हणून हसण्याचा आवाजही आला.

"सरांकडे परत जायचं?" त्यानं विचारलं.

"जाऊ. माणूस बरा आहे. पण तिथे घड्याळाशिवाय काही वाजत नाही."

पुढच्या खेपेला सरांनी अडगळीतला जुना पंखा आणून लावला. तो गाढवासारखा ओरडायचा. मशीनबाई तरीही बोलली नाही, पण जाताना पंख्याकडे बघून, हा बरा आहे, अशी मान हलवली. सर एवढ्यावरही खूश झाले. तिथे ती पुढेही जात राहिली. पण ते नंतरचं. सोमवार त्याच्या आधी यायचा होता.

रविवारी लेक दुकानात आली. ठकी कडेवर. सायकलवाल्यानं तिला चादरीची गोष्ट सांगितली, मशीनचा घोळ सांगितला, जिंकल्यासारखा बोलला. "म्हणजे आई ठीक आहे. होती तशीच आहे."

"होती तशीच," लेक म्हणाली. "बाबा, तुमचं जमलं. तुमचं जमलं म्हणून ते ठीक, असं नाही होत. मला लहानपणी ताप यायचा, आठवतं? मी हाक मारली की आई यायची. कपाळावर हात ठेवायची, रात्रभर बसायची. माझ्या मैत्रिणींच्या आया एवढं करत नव्हत्या. पण मला आवाज हवा असायचा हो. 'काही नाही, होईल बरं,' एवढंच. मी मशीनकडे बोट दाखवायचे, आणि तुम्हाला वाटायचं मला चाकाशी खेळायचंय. तुम्ही मला सायकलचं चाक आणून द्यायचात."

सायकलवाल्याला ते चाक आठवलं. लहान, तीनचाकीचं. आपण किती छान बाप आहोत, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"मी तिच्यावर रागावलेली नाही," लेक म्हणाली. "पण ठकी पडली, रडली, तर तिला कोण सांगणार, काही नाही झालं म्हणून? शिवायचं काम असेल तेव्हाच?"

आडभिंतीपलीकडे मशीन बंद होतं. ते कधी बंद पडलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. लेकीनं ओठ चावला. मग ठकीचं झबलं उगाचच सारखं करत म्हणाली, "उद्या ठेवते. उद्याच्यापुरती. मी जेवणाच्या सुटीत येऊन बघणार. नाही जमलं तर मी नोकरी सोडते, बस."

नोकरी तिनं हट्टानं मिळवली होती. सायकलवाल्याला ते माहीत होतं, आणि आडभिंतीलाही.

सोमवारी ठकी आली. मशीनबाईनं चिंध्यांची मोठी टोपली पालथी करून झटकली, मऊ कापडं अंथरली आणि तिला मशीनच्या बाजूला टोपलीत बसवलं. सकाळभर मशीन चाललं. सायकलवाल्यानं पुढे एका वाकड्या चाकाची आउट काढायला घेतली होती. चाक स्टँडवर फिरवायचं, तार आवळायची, पुन्हा फिरवायचं. मागून मधून मधून बायकोचा आवाज यायचा, गिऱ्हाइकाशी, ठकीशी, कामाच्या ओघात. मग काजांची वेळ आली असावी. शांतता पसरली. आणि थोड्या वेळानं ठकी रडायला लागली.

साधं रडणं नव्हतं. झोप मोडून, अनोळखी जागी जाग आल्याचं रडणं, वर चढत जाणारं. सायकलवाला उठला. आडभिंतीच्या दारापर्यंत गेला, आणि तेवढ्यात मशीन सुरू झालं.

तो जागीच थबकला. आवाज वेगळा होता. त्यात सुईचा दंश नव्हता, दात कापड ओढतात ती चावचाव नव्हती. नुसतं पायडल आणि चाक, हलकं, मोकळं, उतारावर पायडल न मारता सोडलेल्या सायकलसारखं.

त्यानं डोकावून पाहिलं. मशीनबाईनं चाकाचा मधला स्क्रू ढिला केला होता. तसा केला की चाक फिरतं पण सुई जागची हलत नाही, बॉबिन भरताना करतात तसं. पण बॉबिन नव्हती. दोरा नव्हता. पाटावर कापडाचा तुकडाही नव्हता. उगाच मशीन फिरवणाऱ्याच्या हातावर ती फटका मारायची. लेक लहानपणी तो फटका खाऊन बसली होती, सायकलवालासुद्धा एकदा. मशीन कामाचं आहे, खेळणं नाही, हा तिचा एकमेव कडक नियम. आज ती स्वतः रिकामं मशीन हाणत होती, ठकीला मांडीवर घेऊन, आणि बोलत होती.

"काही नाही. काही नाही झालं. ही बघ कात्री. हिला हात नाही लावायचा. हा खडू, हा चालेल, पण खायचा नाही. ती खिडकी. तिकडून ऊन येतं, मग मी मशीन थोडं सरकवते. तुझी आई अशीच रडायची. मला तेव्हा सुचलं नाही गं. एवढं साधं होतं, स्क्रू ढिला करायचा, आणि मला मेलीला सुचलंच नाही. काही नाही. होईल बरं."

सायकलवाल्याच्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेतला. लेक होती. खांद्यावर पिशवी, सुटीत धावत आल्यानं कपाळावर घाम. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं तोंडावर पालथा हात धरला होता.

"रिकामं चालवतेय," ती पुटपुटली. "आई रिकामं मशीन चालवतेय."

"हो."

"कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"वेड लागलं म्हणेल," सायकलवाला म्हणाला. "आणि म्हणणाऱ्याचं चूक आहे असंही नाही. घ्या पट्टी, मोजा."

लेक हसली, आणि हसतानाच तिनं डोळे पुसले. दोघं मागे सरकून दुकानात उभी राहिली. तिला पुढे व्हावंसं वाटत होतं आणि होववत नव्हतं. ठकीचं रडणं उतरत उतरत हुंदक्यावर आलं, मग तेही संपलं. पायडलचा ताल मंद झाला. मग पायांचा आवाज थांबला आणि नुसत्या चाकाची सूं राहिली, विरत जाणारी.

त्या विरण्यात ठकी एकदम म्हणाली, "आंऽ."

"हं," मशीनबाई म्हणाली. "बोल."

लेकीनं बापाचं मनगट धरलं. "बाबा," ती कुजबुजली, "चाक थांबलं होतं का हो? आई बोलली तेव्हा?"

पाय थांबल्यावरही चाक थोडा वेळ आपल्या नादात फिरतं. कधी थांबतं, हे नुसत्या कानानं सांगू शकेल असं त्या गल्लीत कुणी असलं तर सायकलवाला. पण त्यानं ऐकलं नाही. ऐकायचं त्याला नव्हतंच. त्यानं हात लांब करून स्टँडवरच्या वाकड्या चाकाला एक धक्का दिला. टिकटिकटिक आवाज करत ते फिरायला लागलं, आणि दुकान त्या आवाजानं भरलं.

"फिरतंय की," तो म्हणाला.

लेकीनं फिरणाऱ्या चाकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. खांद्यावरची पिशवी तिनं काढली आणि खिळ्याला अडकवली, लहानपणी दप्तर अडकवायची त्याच खिळ्याला. "उद्या हिचे कपडे जास्तीचे आणते," ती म्हणाली, आणि आत गेली.